नाव शिखराला, मालकी कुणाचीच नाही

मराठवाड्यातील मोंढ्यांत तुरीचा सौदा ठरत असताना ‘बीडीएन’ ही अक्षरे वारंवार कानावर पडतात. पांढरी तूर आली की ‘सातशे अकरा आहे का?’ असे विचारले जाते आणि लाल तूर आली की ‘सातशे सोळा’चे नाव निघते. बीडीएन म्हणजे जालना जिल्ह्यातील बदनापूर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कडधान्यांवर काम करणारे संशोधन केंद्र येथे आहे आणि बीडीएन-७११ व बीडीएन-७१६ हे तुरीचे वाण त्याच केंद्राचे. ज्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे शिवारात उभे राहून एकेक झाड निवडले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव बियाण्याच्या पिशवीवर छापलेले नाही. पिशवीवर नाव आहे ते गावाचे. बदनापूर कधी न पाहिलेला शेतकरीही पेरणीच्या दिवसांत त्या गावाच्या नावाने बियाणे मागतो.

कर्तृत्व आणि नाव यांचे नाते कसे जुळते, हा प्रश्न व्यापारी घराण्यांना नवा नाही. पेढीचे नाव, घराण्याचे नाव, धर्मशाळेच्या भिंतीवरील नाव, या सर्वांना आपल्या समाजात मोठे मोल आहे. या प्रश्नाचे एक विलक्षण उदाहरण बदनापूरपासून सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर अंतरावर, अंटार्क्टिकाच्या हिमभूमीत उभे आहे. तेथील एका निर्मनुष्य शिखराला एका भारतीयाचे आडनाव लाभले आहे. त्याचे नाव माउंट सिन्हा.

कोठे आहे हे शिखर?

माउंट सिन्हा ७५ अंश दक्षिण अक्षांशाच्या किंचित पलीकडे, पश्चिम अंटार्क्टिकातील मेरी बर्ड लँड नावाच्या विस्तीर्ण प्रदेशात आहे. त्याची उंची ९९० मीटर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्या मानाने हे शिखर बरेच ठेंगणे. मांगी-तुंगीच्या पायऱ्या चढून गेलेल्या यात्रेकरूने याहून अधिक उंचीवर उभे राहून दर्शन घेतलेले असते. मात्र मांगी-तुंगीला पायऱ्या आहेत, पायथ्याशी धर्मशाळा आहे, भोजनाची सोय आहे. माउंट सिन्हाच्या पायथ्याशी कर्कपॅट्रिक नावाची हिमनदी आहे आणि त्यापलीकडे दृष्टी पोहोचेल तेथवर बर्फ. गाव नाही, वाट नाही, झाड नाही.

त्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही आणि मे ते ऑगस्ट या काळात सुमारे तीन महिने तो क्षितिजावर येत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या श्रावकाला तेथे उन्हाळ्यात सूर्यास्ताची वाट पाहावी लागणार नाही आणि हिवाळ्यात सूर्योदयाची वाट पाहता पाहता उपवास घडेल. इतक्या परक्या भूमीत बिहारमधील एका खेड्याच्या सुपुत्राचे नाव कसे पोहोचले, ही कथा जाणून घेण्याजोगी आहे.

चुरामनपूर ते अंटार्क्टिका

अखौरी सिन्हा हे मूळचे बिहारमधील बक्सरजवळच्या चुरामनपूर या खेड्यातील. १९५४ मध्ये त्यांनी अलाहाबाद विद्यापीठाची विज्ञानशाखेची पदवी घेतली आणि १९५६ मध्ये पाटणा विद्यापीठातून प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्यांनी रांचीच्या महाविद्यालयात अध्यापन केले. १९६१ मध्ये ते अमेरिकेला गेले, मिसुरी विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठाशी ते संबंधित राहिले. सस्तन प्राण्यांचे प्रजनन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

या अभ्यासामुळेच त्यांची निवड एका ध्रुवीय मोहिमेसाठी झाली. १९७१-७२ च्या हंगामात अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे ‘साउथविंड’ हे बर्फ फोडीत पुढे जाणारे जहाज बेलिंग्सहाउझेन आणि अमुंडसेन या दक्षिणेकडील समुद्रांत गेले. जहाजावर दोन हेलिकॉप्टरे होती आणि जीवशास्त्रज्ञांचे एक पथक होते. पथकाचे प्रमुख होते अल्बर्ट एरिक्सन. सिन्हा हे पथकाचे एक सदस्य. काम ऐकायला साधे वाटते. तरंगत्या बर्फाच्या पट्ट्यात सील, देवमासे आणि पक्षी किती आहेत, याची मोजदाद करायची. प्रत्यक्षात हे काम फार कठीण होते. बर्फाचे तुकडे सतत सरकत राहतात, सील क्षणात पाण्याखाली जातो, ढग आणि वारा हेलिकॉप्टरला उडू देत नाहीत. एका ठरावीक पट्ट्यावरून उडत जाऊन दिसलेले प्राणी मोजायचे, त्या पट्ट्याचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्यावरून संपूर्ण समुद्राचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. दुकानातील वर्षअखेरीचा साठा मोजणाऱ्याला यातील चिकाटी समजू शकेल. येथे फरक एवढाच की गोदाम हजारो चौरस किलोमीटरचे होते आणि त्यातला माल जिवंत व चालता-फिरता होता.

ही मोजदाद कशासाठी?

एकोणिसाव्या शतकात कातडी आणि चरबीच्या तेलासाठी दक्षिण समुद्रातील सीलची बेसुमार कत्तल झाली. एका बेटावर सीलची वसाहत सापडली की जहाजे तेथे धाव घेत आणि काही हंगामांतच ती वसाहत नाहीशी होई. व्यापाराच्या इतिहासातील हे एक काळे पान आहे. नफा डोळ्यांपुढे असताना मूळ भांडवलच संपत आहे याचे भान त्या व्यापाऱ्यांना राहिले नाही. पुढे १९६४ मध्ये नॉर्वेच्या एका जहाजाने तरंगत्या बर्फातील सीलची शिकार व्यापारी दृष्टीने परवडते का, हे आजमावून पाहिले आणि जुना अनर्थ पुन्हा घडण्याची शक्यता दिसू लागली.

या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये लंडन येथे अंटार्क्टिकातील सीलच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९७८ मध्ये तो अमलात आला. त्याने रॉस सील, एलिफंट सील आणि फर सील या जातींना पूर्ण संरक्षण दिले, तर इतर जातींच्या शिकारीवर वार्षिक मर्यादा घातली. मर्यादा घालायची तर मुळात प्राणी किती आहेत याचा अंदाज हवा. म्हणून त्या काळातील गणनेला इतके महत्त्व. करारानंतर तेथे व्यापारी शिकार पुन्हा रुजली नाही.

अहिंसेच्या उपासकाने येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. त्या काळातील जीवशास्त्रीय संशोधनात काही प्राण्यांचे बळी घेऊन नमुने गोळा केले जात आणि १९७२ च्या करारानेही शास्त्रीय कामासाठी तशी मर्यादित मुभा ठेवली होती. जैन विचाराच्या कसोटीवर ही बाब निर्दोष ठरत नाही. तरीही एका बाजूला कत्तलीचा बाजार आणि दुसऱ्या बाजूला त्या बाजाराला आळा घालू शकणारे ज्ञान, असा प्रश्न जेव्हा जगापुढे होता, तेव्हा जगाची पावले आळा घालण्याच्या दिशेने पडली, हेही तितकेच खरे. अनेकान्ताची दृष्टी दोन्ही बाजू पाहते.

नाव देणारे कोण आणि कोणत्या निकषावर?

माउंट सिन्हा आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचे नकाशे अमेरिकन भूसर्वेक्षण खात्याने १९५९ ते १९६६ या काळातील सर्वेक्षणे आणि हवाई छायाचित्रे यांवरून तयार केले. कागदावर शेकडो शिखरे, कडे आणि हिमनद्या उमटल्या. त्यांना नावे नव्हती. नाव नसलेल्या जागेबद्दल वैमानिकाने जहाजाला काय सांगावे? संकटात सापडलेल्या पथकाने मदत कोठे बोलवावी? ध्रुवप्रदेशात नाव ही सोय आहे आणि कधी कधी जीव वाचविणारी सोय आहे.

अमेरिकेत हे काम अंटार्क्टिक नावांविषयी सल्ला देणारी एक समिती करीत असे. या समितीच्या शिफारशीवरून शिखराला सिन्हा यांचे नाव मिळाले. ज्या कड्यांच्या आग्नेय टोकाला हे शिखर आहे, त्या कड्यांना पथकप्रमुख एरिक्सन यांचे नाव आहे. प्रमुख आणि सहकारी, दोघेही नकाशावर एकमेकांच्या शेजारी विसावले आहेत. भारतातील सर्वसामान्य वाचकांपर्यंत ही माहिती वृत्तपत्रांतून पोहोचली ती २०१४ मध्ये, म्हणजे मोहिमेनंतर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

या समितीची नियमावली व्यापारी समाजाने मुद्दाम पाहावी अशी आहे. ध्रुवप्रदेशातील कार्य, विशेषतः शोध आणि विज्ञान यांतील योगदान, हा तिचा मुख्य निकष. काही प्रकारची नावे तिने अयोग्य ठरविली. केवळ मैत्री किंवा नातेसंबंध यांमुळे सुचविलेली नावे, विक्रीच्या मालाची नावे, घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची किंवा पाळीव प्राण्यांची नावे यांना तेथे स्थान नाही. त्याचबरोबर, पैसा किंवा सामग्री देऊन नंतर त्या देणगीची जाहिरात करून धंद्यात लाभ उठवू पाहणाऱ्या देणगीदारांची नावेही वर्ज्य. देणगीदार म्हणून कोणालाही बंदी नाही. देणगीचा बाजार मांडणाऱ्याला मात्र आहे.

असा नियम करण्याची वेळ का आली असावी, हे आसपासचा नकाशा पाहिल्यावर कळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ध्रुवीय मोहिमा श्रीमंतांच्या देणग्यांवर निघत. ब्रिटिश शोधक शॅकल्टन यांनी १९०८ मध्ये एका प्रचंड हिमनदीला विल्यम बिअर्डमोर या स्कॉटिश उद्योगपतीचे नाव दिले; तो त्यांचा आश्रयदाता होता. अमेरिकन नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड यांनी १९२९ मध्ये नव्याने पाहिलेल्या विस्तीर्ण प्रदेशाला आपल्या पत्नीचे, मेरी यांचे, नाव दिले. त्याच प्रदेशातील एक पठार रॉकफेलर यांच्या नावाचे आहे आणि पर्वतरांगांना मोटारउद्योगातील एड्सेल फोर्ड यांचे नाव आहे. हे दोघेही बर्ड यांच्या मोहिमांचे देणगीदार. कोट्यधीशांच्या या प्रदेशात रांचीच्या महाविद्यालयातील एका माजी अध्यापकाचे शिखर उभे आहे आणि त्यासाठी त्याला एक पैसाही मोजावा लागलेला नाही.

आणखी एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. हिमालयातील सर्वोच्च शिखराला ब्रिटिश सर्वेक्षण अधिकाऱ्यांनी एव्हरेस्ट हे नाव दिले, तेव्हा त्या शिखराला तिबेटी लोकांचे चोमोलुंगमा हे नाव आधीपासून होते. स्वतः जॉर्ज एव्हरेस्ट यांनीही आपले नाव देण्याविषयी नापसंती दर्शविली होती. नवे नाव आले की जुने झाकले जाते, असा पर्वतांचा अनुभव आहे. अंटार्क्टिकात कधीही मूळ मानवी वस्ती नव्हती, त्यामुळे तेथील नव्या नावाने कोणाचेही जुने नाव पुसले गेले नाही.

सातबारा नसलेली जमीन

माउंट सिन्हाचे सर्वांत आश्चर्यकारक वैशिष्ट्य त्याच्या मालकीत आहे, किंवा मालकीच्या अभावात आहे, असे म्हणणे अधिक योग्य. अंटार्क्टिकाच्या निरनिराळ्या भागांवर सात देशांनी हक्क सांगितलेला आहे. मेरी बर्ड लँडच्या बहुतांश भागावर मात्र एकाही देशाने अधिकृत हक्क सांगितलेला नाही. सुमारे सोळा लाख चौरस किलोमीटरचा हा प्रदेश महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा आहे आणि पृथ्वीवरील सर्वांत विस्तीर्ण बेवारस भूभाग म्हणून तो ओळखला जातो. १ डिसेंबर १९५९ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या आणि १९६१ मध्ये अमलात आलेल्या अंटार्क्टिक कराराने जुने हक्क गोठविले आणि नवे सांगण्यास मज्जाव केला. १९९१ च्या माद्रिद मसुद्याने संपूर्ण खंड शांतता आणि विज्ञान यांसाठी राखून ठेवला व तेथील खनिज उत्खननावर बंदी घातली.

जमिनीच्या एका बांधावरून दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या समाजाला ही कल्पना नवलाची वाटेल. येथे पर्वताला नाव आहे, पण सातबारा नाही. फेरफार नाही, वारसनोंद नाही, वाटणीही नाही. सिन्हा कुटुंबातील कोणीही त्या शिखरावरील बर्फाच्या एका खड्यावर हक्क सांगू शकत नाही. ज्या देशाच्या समितीने नाव दिले, त्या देशालाही तो नाही. अपरिग्रहाचे तत्त्व प्रवचनात ऐकणे निराळे आणि एका खंडाच्या व्यवहारात ते उतरलेले पाहणे निराळे.

भारताचा या खंडाशी संबंध मोहिमांच्याही आधीचा आहे. १९६० मध्ये गिरिराज सिंह सिरोही हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकन पथकासमवेत दक्षिण ध्रुवावर गेले. सजीवांच्या अंतर्गत घड्याळावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो का, हे तपासण्यासाठी तेथे फिरत्या तबकड्यांवर प्राणी आणि घेवड्याची रोपे ठेवण्यात आली. ध्रुवावरही त्यांचे दैनंदिन चक्र चालूच राहिले. त्यांच्या नावाचा ‘सिरोही पॉइंट’ अंटार्क्टिकाच्या नकाशावर आहे. राजस्थानातील सिरोहीशी ऋणानुबंध असणाऱ्या कुटुंबांचा हे नाव वाचून गैरसमज होऊ नये. हे एका शास्त्रज्ञाचे आडनाव आहे.

भारताची स्वतःची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. आजही ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात, वास्को येथे आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूर येथे जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. भारताने तेथे उभारलेल्या तळांची नावे पाहण्याजोगी आहेत : दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि भारती. तिन्ही नावांत कोणी व्यक्ती नाही. यांपैकी ‘मैत्री’ हे नाव जैन मनाला विशेष जवळचे वाटावे. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांत तिचे स्थान पहिले आहे.

वृषभाचलावरील नावे

पर्वतावर नाव कोरण्याची हौस माणसाला किती जुनी आहे, हे जैन परंपरेने एका कथेतून सांगून ठेवले आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेन यांनी ‘आदिपुराण’ रचले. वेरूळच्या जैन लेण्यांचा इतिहासही त्याच राष्ट्रकूट काळाशी जोडलेला आहे, त्यामुळे मराठवाड्याला हा काळ परका नाही. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांचे पुत्र भरत चक्रवर्ती यांच्या दिग्विजयाचे वर्णन येते.

सहा खंड जिंकून भरत वृषभाचल पर्वतापाशी पोहोचतात. विजयी चक्रवर्तीने त्या पर्वतावर आपली प्रशस्ती कोरावी, अशी रीत. असा पराक्रम करणारे आपणच पहिले, या भावनेने भरत काकिणी रत्न हाती घेऊन कड्यासमोर उभे राहतात. पाहतात तो संपूर्ण कडा आधीच नावांनी भरलेला! पूर्वी होऊन गेलेल्या असंख्य चक्रवर्तींची नावे तेथे कोरलेली. नवे नाव लिहावे इतकीही मोकळी जागा उरलेली नाही. भरतांचा अभिमान तेथे गळून पडतो. अखेर एका पूर्वीच्या चक्रवर्तीचे नाव पुसून त्यांना आपले नाव लिहावे लागते.

ही कथा बारकाईने वाचली तर तिचा खरा घाव शेवटच्या कृतीत आहे. आपण ज्याचे नाव पुसतो आहोत तोही एके काळी सहा खंडांचा स्वामी होता. मग उद्या आपले नाव कोण पुसणार, हा प्रश्न भरतांना टाळता येत नाही. वृषभाचलावरील प्रत्येक नाव ज्याचे त्याने स्वतः कोरलेले होते, म्हणून ते दुसऱ्याच्या हातून पुसलेही जाणार होते. माउंट सिन्हाचे नाव इतरांनी दिले, कामाची नोंद म्हणून दिले आणि ते देताना कोणाचेही पुसले नाही.

नाव आणि भाव

जैन तत्त्वज्ञानाने शब्द आणि वस्तू यांचा संबंध उलगडण्यासाठी चार निक्षेप सांगितले आहेत : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. गरिबाच्या मुलाचे नाव इंद्र ठेवले तर तो केवळ नामनिक्षेपाने इंद्र. त्याच्यापाशी ऐरावत नसतो. इंद्राची मूर्ती हा स्थापनानिक्षेप. जो पुढे इंद्र होणार आहे किंवा पूर्वी होऊन गेला, तो द्रव्यनिक्षेप. ज्याच्या ठायी इंद्रत्व प्रत्यक्ष वसते, तो भावनिक्षेप. अंटार्क्टिकातील ‘क्रॅबईटर’ सीलचे नाव खेकडे खाणारा असे सांगते. प्रत्यक्षात तो जगतो क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या लहान जीवांवर. नाव एक, भाव दुसराच.

माउंट सिन्हा हाही नामनिक्षेप आहे. त्या खडकाला सिन्हा कोण, बक्सर कोठे आणि सील किती, यांपैकी काहीही ठाऊक नाही. नावामागचा भाव खडकात नसून बर्फावर काढलेल्या त्या आठवड्यांच्या मेहनतीत आहे. आठ कर्मांमध्ये नामकर्माचा समावेश आहे आणि यशःकीर्ती ही त्याच नामकर्माची एक प्रकृती मानली जाते, याचे स्मरण येथे उचित ठरेल. कीर्ती शुभ असली तरी ती कर्माच्याच वहीत जमा होते. मुक्तीच्या वाटेवर तीही कधीतरी खाली ठेवावी लागते.

याचा अर्थ नावाची किंमत शून्य आहे, असा नाही. व्यापाराचा सारा डोलारा नावावर उभा असतो. पेढीच्या नावावर माल उधार मिळतो, आजोबांच्या नावावर नातवाची हुंडी पटते, आणि एका वांध्याने तीन पिढ्यांचे नाव बाजारातून उठते. मंदिरात बोली लागते, स्थानकाच्या, धर्मशाळेच्या आणि भोजनशाळेच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या बसतात. त्या पाट्या पाहून दुसऱ्यालाही देण्याची प्रेरणा होते, यात तथ्य आहे. प्रश्न उरतो तो पाटीवरील नाव आणि पाटीमागील भाव यांच्यातील अंतराचा. देणगीचा आकडा ठरण्याआधी पाटीची जागा ठरत असेल, नव्या पाटीसाठी जुन्या दात्याची पाटी मागच्या भिंतीवर जात असेल, तर वृषभाचलाची कथा आपल्याच गावात पुन्हा घडत असते. आपल्या परंपरेने गुप्तदानाला एवढा मान दिला, तो याच धोक्याची जाणीव ठेवून.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर नाव ही लोकांनी आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. ठेव मागून मिळत नाही. विश्वास बसला की लोक ती आपण होऊन आणून ठेवतात. ती सांभाळायची असते, वाढवायची असते, आणि वेळ आली की पुढच्या हाती सोपवायची असते. आपल्या मालकीची समजून खर्च करायची नसते. बदनापूरच्या संशोधकांनी आपल्या कामाचे नाव गावाला देऊन टाकले. सील मोजणाऱ्या एका अध्यापकाला इतरांनी शिखर दिले, पण त्या शिखराचा एक खडाही दिला नाही. दोन्ही ठिकाणी काम आधी झाले, नाव मागाहून आले, आणि नावाबरोबर मालकी आली नाही. मेरी बर्ड लँडच्या बर्फात ते शिखर तसेच उभे आहे, आणि येत्या मृगात बदनापूरच्या नावाची तूर पुन्हा शिवारात पेरली जाईल.